शेवटचा घोट

पाणी तोंडात असतानाच तिला आठवलं. गार स्टीलचा ग्लास ओठांना लागलेला, मान जराशी मागे गेलेली, डोळे वर पंख्याच्या पात्यांवर, आणि ग्लासातलं जवळजवळ सगळं पाणी घशाखाली उतरून गेलेलं. राहिला होता फक्त एक घोट, गालांच्या आत, जिभेवर, अजून ना बाहेरचा ना आतला. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी, तसं आयतच्या आत काहीतरी धाडकन आदळलं. आज रोजा आहे. समोर पाणी वाटणारी मावशी हात पुढे करून उभी होती. "झालं का गं? दे गलास, मागं लाईन हाय," ती म्हणाली. पलीकडून सुपरवायझर सर चपला घासत येत होते, बेंचवर भूमितीचा पेपर उघडा होता, कंपास त्यावर टोक खुपसून उभा होता, आणि मग तो घोट गेला. गेला म्हणजे तिने गिळला की तो आपला आपण गेला, हे तिला त्या क्षणी कळलं नाही. ग्लास परत देताना तिचा हात मात्र अगदी नेहमीसारखा होता, जणू काही झालंच नाही.

गंमत अशी की त्याआधीचा अर्धा तास तिच्या आजवरच्या शाळेच्या दिवसांतला सगळ्यात सुंदर अर्धा तास होता. दहावीची बोर्डाची परीक्षा, केंद्र गंगापूर रोडवरच्या एका परक्या शाळेत, बेंच कुणा दुसऱ्याच मुलांच्या नावांनी कोरलेले, आणि समोर वर्तुळाचा एक असा प्रश्न, जो बघून तिने आधी पान उलटून टाकलं होतं. मग तिने एक रेषा काढली. प्रश्नात न दिलेली, आपल्या मनाने, तुटक तुटक. आणि त्या एका रेषेने सगळी आकृती अंगाला आळोखेपिळोखे देत उठून बसली. हा कोन त्या कोनाएवढा, म्हणून ती बाजू या बाजूएवढी, म्हणून, म्हणून, म्हणून. पेन तिच्या पुढे धावत होतं आणि ती त्याच्या मागे. नववीत भूमितीच्या तासाला सरांनी फळ्यावर आयत काढला की सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायचा आणि कुणीतरी मागून विचारायचं, "आयत, तुझे चारही कोन काटकोन आहेत ना गं?" तेव्हा तिला बेंचखाली शिरावंसं वाटायचं. या वर्षी कधीतरी, नेमकं कधी ते तिलाही सांगता आलं नसतं, ती वळून म्हणाली होती, "आहेत. तुझा एक तरी आहे का बघ." वर्ग हसला होता, सरसुद्धा. तेव्हापासून भूमिती तिची झाली. आज त्या आकृतीच्या आत ती अशी शिरली होती की तिला ना बेंच होता, ना ऊन, ना घसा, ना नाव. अशात कुणीतरी ग्लास पुढे केला आणि अंगाने तो घेतला, डोळ्यावर आलेली बट मागे सारावी इतक्या सहज.

विसरून प्यायलं तर रोजा तुटत नाही, हे तिला अगदी लहानपणापासून माहीत होतं. अम्मीने सांगितलं होतं, अरबी शिकवणाऱ्या आपांनी सांगितलं होतं: विसरून खाल्लं-प्यायलं तर ते अल्लाहनेच भरवलं-पाजलं असं समजायचं आणि रोजा पुढे चालू ठेवायचा. आयतला ही गोष्ट इतकी आवडायची की सातव्या-आठव्या वर्षी, चिमणीचे रोजे ठेवायच्या काळात, म्हणजे सकाळी ठेवायचे आणि दुपारी सोडायचे त्या काळात, ती मुद्दाम विसरायचा प्रयत्न करायची. डोळे मिटून दुसरंच काहीतरी आठवत बसायची, म्हणजे हात आपोआप बिस्किटाच्या डब्याकडे जाईल. हात जायचा, पण त्याच्या मागे मनही जायचं. मग तिने दुसरी युक्ती काढली. नमाजच्या आधी वुजू करताना, म्हणजे हात-तोंड-पाय धुताना, चूळ भरायची आणि त्यातलं थोडंसं, अगदी थोडंसं, मागच्या मागे जाऊ द्यायचं. घशाला सांगायचं, तू जरा ढिला पड. म्हणजे आपला घसा काय चीज आहे ते तिला ठाऊक होतं. आणि म्हणूनच पहिल्या सगळ्या घोटांची तिला काळजी नव्हती. ते विसरलेले होते, स्वच्छ होते, अल्लाहने पाजलेले होते. प्रश्न शेवटच्या घोटाचा होता. आधी आठवलं आणि मग गिळलं, की आधी गिळलं आणि मग आठवलं? आठवलं तेव्हा पाणी तोंडात होतं, एवढं पक्कं. तोंडातून घशात जायला किती वेळ लागतो? आणि तेवढ्या वेळात माणूस ठरवू शकतो का?

रोजा जर तुटला असेल, तर त्यात नुसता रोजा तुटलेला नव्हता. घरात करार झाला होता. रमजान आणि बोर्ड एकाच महिन्यात आले, तेव्हा अब्बूंनी सरळ सांगितलं होतं की पेपरच्या दिवशी रोजे नाहीत. आयतचे अब्बू सलाउद्दीन सोफे बनवायचे. द्वारका चौकाजवळच्या गल्लीत त्यांचा छोटा कारखाना होता आणि गंगापूर रोडवरच्या निम्म्या फ्लॅटांतले सोफे आणि पडदे आपल्या हातचे आहेत, असं ते म्हणायचे. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्यांची मराठी गुळगुळीत झाली होती, आणि आयतला मराठी शाळेत घातल्यापासून ते तिच्याशी मराठीतच बोलायचे; अम्मी मात्र तिच्या हिंदीतच. "बेटा, अल्लाह समजून घेतो, बोर्ड घेत नाही," ते म्हणाले होते. त्यांच्या डोक्यात आयतचा मोठा भाऊ, इमरानभाई होता. इमरानभाईला दहावीच्या गणिताच्या पेपरात रोज्याने चक्कर आली होती आणि त्याचं गणित गेलं होतं. आता तो सिन्नरच्या एमआयडीसीत पाळ्या करायचा, आणि घरात कुणी रोजा, परीक्षा आणि गणित हे तीन शब्द जवळजवळ उच्चारले की अब्बू गप्प व्हायचे. आयत तेव्हा उभी राहून बोलली होती. आधी तिला इतकं बोलता यायचं नाही. "इमरानभाईने पहाटे सहेरीला फक्त चहा घेतला होता. मी पोळी, दही, खजूर, सगळं खाईन. रात्री वेळेवर झोपेन. सराव पेपर दोन रोज्यांत सोडवून दाखवते, मार्क तुम्ही बघा." मार्क तिने दाखवले होते. अब्बूंनी ते बघितले, टेप गळ्यात अडकवला, आणि म्हणाले, "ठीक. पण ऐक. एका पेपरला जरी रोजा आडवा आला, तर उरलेले बंद. मग भांडायचं नाही." आणि तिने हात पुढे करून, व्यापाऱ्यासारखा, त्यांच्याशी हात मिळवला होता. त्यांच्या तळव्याला फेविकॉलचा थर होता.

उरलेला पेपर तिने लिहिला. हे तिचं तिलाच नंतर नवल वाटलं, पण लिहिला, आणि नीट लिहिला. घसा ओला होता, आणि त्या ओलेपणाचीच तिला लाज वाटत होती. इतके दिवस दुपारी या वेळेला तोंडात जी एक कोरडी, कागदासारखी चव असायची, ती आज नव्हती, आणि ती नसल्यामुळे तिला आपण कुणाच्या तरी घरात चपला घालून फिरतोय असं वाटत होतं. वर्गात दोन सुपरवायझर होते. दारात भरारी पथक येऊन गेलं. भिंतीवर कॅमेऱ्याचा काळा डोळा होता. पट्टीवर काही लिहिलंय का ते बघितलं जात होतं, तळहात बघितले जात होते, कंपासपेटी उलटी करून झटकली जात होती. आणि आयतला आकृतीला नाव देता देता, अ, ब, क, ड, एकदम असं वाटलं की एवढ्या बघणाऱ्यांत एकालाही माझा रोजा दिसत नाही. माझ्या पोटात काय आहे, माझ्या जिभेवर काय आहे, कुण्णालाही दिसत नाही. नमाज दिसते. स्कार्फ दिसतो, त्यावरून तर रस्त्यात अनोळखी माणसंही आपली मतं चेहऱ्यावर घेऊन फिरतात. पण रोजा कुणाला दिसत नाही. बाथरूममध्ये नळ असतो, दप्तरात गोळ्या असतात, आणि दिवसभर, रोज, कुणीही बघत नसताना आपण पीत नाही. तिला हे रोजे का हवे होते, अब्बूंशी भांडून का हवे होते, ते तिला त्या परक्या बेंचवर बसून पहिल्यांदा कळलं. आयुष्यातली ही एकच परीक्षा अशी होती जिथे तिच्यावर पूर्ण विश्वास टाकून वर्गाचं दार लावून घेतलं होतं. आणि तिथेच ती गडबडली होती. किंवा गडबडली नव्हती. तेच तर कळत नव्हतं.

घंटा झाल्यावर ती सगळ्यात आधी पाणी वाटणाऱ्या मावशीला शोधत गेली. नवसाबाई तिचं नाव; शिपाई तिला हाक मारताना आयतने ऐकलं होतं. ती नळाशी बसून ग्लास विसळत होती. आयतची मैत्रीण प्रतिभा मागोमाग आलीच, पेपरातलं एक उत्तर हातावर लिहून. "मावशी," आयत म्हणाली, "मघाशी तुम्ही मला पाणी दिलंत ना, वरच्या मजल्यावर, खिडकीशेजारी. मी ते प्यायले तेव्हा, म्हणजे शेवटी, मी थांबले होते का हो?"

नवसाबाईने मान वर करून तिच्याकडे बघितलं. "थांबली म्हंजी?"

"म्हणजे ग्लास तोंडाला लावून. पाणी तोंडात धरून."

"बाई, चार वर्गांना पाणी पाजते मी. कोण थांबलं, कोण पळालं, मला काय म्हाईत." तिने ग्लास खडखडून एकात एक घातले. "का? पाण्यात काय व्हतं का? सकाळीच धुतलीया टाकी."

"नाही, नाही. पाणी चांगलं होतं."

"मग झालं की. पाणी पिलं म्हणून कुणी एवढं तोंड बारीक करतं व्हय? घे, आजून पी. लय ऊन हाय." आणि तिने खरंच, विसळलेला, थेंब गळणारा ग्लास भरून पुढे केला. पाणी हलत होतं आणि त्यात पत्र्याचं छप्पर हलत होतं. आयत दोन पावलं मागे सरली. प्रतिभाने मधेच हात घालून तो ग्लास घेतला आणि गटागटा पिऊन टाकला. "हिचा उपवास आहे मावशी," ती ओठ पुसत म्हणाली. नवसाबाई आयतकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आगं मग आधी सांगायचं न्हाय का," आणि असं म्हणताना तिचा चेहरा असा झाला, जणू चूक तिचीच होती.

गंगापूर रोडवर ऊन पांढरं पडलं होतं. रसवंतीची घुंगरं वाजत होती, द्राक्षांच्या गाड्यांवर ओली पोती टाकलेली, आणि पेपर सुटलेल्या पोरांचे घोळके कोल्ड कॉफीच्या दुकानांत शिरत होते. दोघी बसस्टॉपपर्यंत चालत होत्या. प्रतिभाच्या घरची मखमलाबादकडे फुलशेती, गुलाब आणि शेवंती. तिच्या दप्तरालासुद्धा कधीकधी पानांचा हिरवा वास यायचा. आयतने तिला सगळं सांगितलं. प्रतिभाने गंभीरपणे ऐकलं आणि म्हणाली, "सोप्पं आहे. आधीच्या घोटांना पूर्ण मार्क. शेवटच्याला अर्धा. पायऱ्या बरोबर आहेत, उत्तर चुकलंय."

"अर्धा रोजा असतो का गं?"

"मला काय विचारतेस? आमच्या उपवासाला साबुदाणा वडा चालतो." मग तिने दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "ए, पण आमच्याकडे एक आहे. देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नाही. तोडताना, भरताना, कधीच नाही. मी लहान असताना एकदा नाकाला लावला गुलाब, तर आईने तो वेगळा काढला आणि माझ्या केसांत खोचला. म्हणाली, हा आता तुझा, देवाचा नाही राहिला."

"पण तुम्ही शेतातच असता दिवसभर. वास येतच असणार."

"येतो ना. सकाळी तर इतका येतो की डोकं गरगरतं. मी पण आईला तेच विचारलं होतं. ती म्हणाली, वारा आणतो तो वारा आणतो. तू नाक पुढं केलंस का? नाही ना? मग चालतं."

बस आली आणि प्रतिभा तिच्या वडिलांच्या पिकअपसाठी मागेच थांबली. आयत खिडकीशी बसली. नाक पुढं केलंस का? अशोकस्तंभापर्यंत तिने तो प्रश्न नुसता हातात धरून ठेवला, गरम चहाचा कप धरावा तसा, सारखा हात बदलत. मग तिने डोळे मिटले आणि परत त्या बेंचवर जाऊन बसली. ग्लास. पंखा. गार. आधीचे घोट नुसतेच गेले होते. त्यांची चवसुद्धा तिला आठवत नव्हती, विसरलेल्या गोष्टींना चव नसते. पण शेवटच्या घोटाची आठवत होती. स्टीलची, थोडी मातीची, थोडी पुदिन्यासारखी गार. ती कशी आठवते? कुणीतरी आत बसून ती घेतली असेल तरच ना. आणि मग तिला अगदी स्पष्ट दिसलं, कुणी दिवा लावावा तसं: आठवल्यानंतर आणि गिळण्याच्या आधी एक इवलीशी फट होती, पापणी मिटून उघडण्याएवढी, आणि त्या फटीत तिने सुपरवायझरकडे बघितलं नव्हतं, मावशीकडे बघितलं नव्हतं. सगळ्यांसमोर थुंकायची लाज वाटली वगैरे कारणं तिने नंतर जुळवलेली होती. त्या फटीत ते पाणी तिला हवं होतं. बस्स. किती गोड आहे, असं तिला वाटलं होतं, आणि तिने घशाला सांगितलं होतं, तू जरा ढिला पड. सिग्नलला बस थांबली. बाजूला बसलेल्या बाईने तिला विचारलं, "बरं वाटत नाही का गं तुला?" आणि आयत म्हणाली, "नाही काकू, बरं आहे," आणि खरंच, जरा बरं वाटत होतं. गणितात उत्तर चुकलेलं असलं तरी चूक कुठल्या पायरीवर आहे ते सापडलं की अंगातला ताप उतरतो, तसं.

घरी अम्मी पिको-फॉलच्या मशीनवर वाकली होती. निळ्या साडीची काठाची बाजू सुईखालून सरसर जात होती. "कैसा गया?" तिने मान वर न करता विचारलं. "अच्छा," आयत म्हणाली. "मुँह धो, सो जा थोड़ा." आयत पलंगावर आडवी झाली आणि मशीनचा आवाज ऐकत राहिली. रोजा मोडला तरी संध्याकाळपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, महिन्याचा मान म्हणून, हे तिला ठाऊक होतं. तिला काही नकोही होतं. एका रोज्याच्या बदल्यात ईदनंतर एक ठेवायचा. ते अवघड नव्हतं. आणि आता तिच्या लक्षात आलं की किती अवघड नव्हतं. तिचे आणि अम्मीचे तसेही काही रोजे ईदनंतर असायचेच, महिन्यातल्या त्या दिवसांचे. दोघी गुपचूप पहाटे उठायच्या, स्वयंपाकघरातला लहान दिवा लावायच्या, एका ताटात खायच्या, आणि घरातले दोघे पुरुष घोरत असायचे. अब्बू त्याबद्दल कधी विचारत नसत, इमरानभाईला तर आपल्या बहिणीला पोट आहे हेच माहीत नव्हतं. त्यांत एक अजून मिसळला असता. अम्मीनेही मोजला नसता. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं. करार मोडला नसता, उरलेल्या पेपरांचे रोजे राहिले असते, आणि अल्लाहचा हिशेब अल्लाहशी पुरा झाला असता. इतकं नीटनेटकं उत्तर होतं ते की आयत उठून बसली. अम्मीने मशीन थांबवून बघितलं. "क्या हुआ गे?"

"काही नाही."

पण काहीतरी होतं. त्या उत्तरात तिला वुजूच्या पाण्याचा वास येत होता. सात वर्षांची एक पोर नळाशी वाकून उभी आहे, गाल फुगवलेले, डोळे मिटलेले, आणि मनात म्हणतेय की कुणाला कळणार आहे. तिच्यावर आयतचा राग नव्हता, उलट तिला तिचा पापा घ्यावासा वाटला. पण ती पोर या वर्षीच्या त्या दिवशी, काटकोनांच्या त्या दिवशी, बेंचखाली शिरायची थांबली होती. अब्बूंशी हात मिळवला होता तो त्या पोरीने नाही, हिने. आणि संध्याकाळी अब्बू विचारणार होते, रोज विचारायचे, इफ्तारीचं दस्तरखान जमिनीवर पसरताना, त्यांच्या त्या गिऱ्हाइकी मराठीत: "मग, रोजा कसा गेला?" त्यावर "छान" म्हणायचं की नाही, एवढंच होतं सगळं. एक शब्द. आयतने पाय खाली सोडले, केस बांधले, आणि टोपलीतली द्राक्षं धुवायला घेतली. पाण्याखाली हात धरून उभी राहिली तेव्हा तिला जाणवलं की आपल्याला भीती वाटतेय आणि आपण गुणगुणतोय, दोन्ही एकदम.

इमरानभाई पाळी करून आला तो दारातूनच ओरडत, "काय गं पायथागोरस, जिवंत आहेस का?" अब्बू आले, शर्टाच्या खिशात खडू, भुवयांवर फोमचा पांढरा भुगा. दस्तरखान अंथरलं गेलं. खजूर, द्राक्षं, भजी, रूहअफजाचा तांबडा जग, आणि चौघांसमोर चार ग्लास पाणी. खिडकीबाहेर उजेड विझत चालला होता, पण अजून थोडा वेळ होता. गल्लीतल्या सगळ्या घरांमधून भांडी मांडल्याचा आवाज येऊन थांबलेला, आणि सगळी वस्ती जणू एकच श्वास धरून बसलेली. अब्बूंनी मांडी घातली. "मग," ते म्हणाले, "रोजा कसा गेला?"

"तुटला," आयत म्हणाली.

अम्मीचा हात भज्यांच्या ताटावर थांबला. इमरानभाईने मान वळवून आधी अब्बूंकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि डोळ्यांनीच म्हणाला, वेडी आहेस का.

"पेपरात पाणी वाटत होते. मी विसरून प्यायले. ते चालतं, मला माहितीय. पण शेवटचा घोट तोंडात होता तेव्हा मला आठवलं, आणि तो मी गिळला. मला हवा होता, म्हणून. ईदनंतर मी एक ठेवीन."

 अब्बूंनी भुवईवरचा भुगा अंगठ्याने पुसला. "चक्कर आली?"

"नाही."

"डोकं दुखत होतं? घसा कोरडा पडला होता?"

"नाही अब्बू."

"मग प्यायलीस कशाला?"

"विसरले म्हणून."

"रोजा विसरलीस? पहाटे उठून खाल्लेलं विसरलीस?"

"सगळंच विसरले. एक आकृती होती. मी त्यात एक रेषा काढली, आणि मग," तिने हातांनी हवेत काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला, "मग मी तिथे नव्हतेच. कुणीतरी ग्लास दिला तो हाताने घेतला. मला पेपरच दिसत होता फक्त." आणि मग तिने ते म्हटलं, जे तिने द्राक्षं धुताना जुळवलं नव्हतं, जे आत्ता आपोआप तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. "आपला करार असा होता की रोजा पेपरच्या आडवा आला तर. तो आला नाही. पेपर रोज्याच्या आडवा आला. त्याबद्दल आपण काही ठरवलं नव्हतं."

इमरानभाईला ठसका लागला, खजूर तोंडात नसताना. "वकील कर हिला," तो म्हणाला. अम्मी म्हणाली, "तू चूप बैठ," पण तिने पदर तोंडाशी धरला होता. अब्बू हसले नाहीत. ते आयतकडे बघत होते, तोंडाकडे नाही, तिच्या उजव्या हाताकडे, जिथे मधल्या बोटाला पेनचा निळा डाग होता. नवीन कापडाचा तागा उलगडल्यावर ते जसे आधी नुसते बघत बसतात, कात्री हातात न घेता, तसे. बराच वेळ.

"जोडाची छपाई असली ना," ते शेवटी म्हणाले, कुणाला म्हणाले ते कळलं नाही, "तीन सीटवर फुलं जुळवायची असतात. कापड लावत लावत जातो. गेल्या आठवड्यात मला अजान ऐकूच आली नाही. मशीद समोर आहे कारखान्याच्या. पोरगा सांगायला आला, चाचा, दुपारची जोहर होऊन गेली." त्यांनी एक खजूर उचलून परत ठेवला. "नंतर पढली मी. पण फुलं जुळली होती."

 गल्लीत कुणाचं तरी मूल रडायला लागलं आणि गप्प झालं. "जुळली का तुझी?" अब्बूंनी विचारलं.

"जुळली."

"हं." त्यांनी अम्मीकडे बघितलं. "पुढचा पेपर कुठला हिचा?"

"सायन्स," अम्मी म्हणाली. "परसों."

"परवा सहेरीला मी उठवीन हिला. तू झोपून राहतेस आणि मग ही घाईत खाते." अम्मी झोपून राहत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, अम्मीला सगळ्यात जास्त, पण ती फक्त म्हणाली, "उठाओ. देखती मैं, कैसे उठाते." इमरानभाईने दस्तरखानाखालून आयतच्या पायाला पाय मारला. तिने परत मारला, जोरात.

मग अजान झाली. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मशिदीतून, आणि मागून, आणि लांबून अजून एक, एकमेकांच्या किंचित मागेपुढे. अब्बूंनी डोळे मिटून ओठ हलवले. आयतनेही मिटले, आणि तिच्या लक्षात आलं की तिला मागायला काही सुचत नाहीये, सकाळपासून जे मागायचं होतं ते कुठेच नाही, तिच्या आत पहाटेच्या शेतासारखं नुसतंच मोकळं आहे. तिने खजूर खाल्ला, बी तळहातावर काढली. ग्लास उचलला. पाणी गार होतं, घरचं, माठातलं. ती पीत गेली, एक, आणि एक, आणि तळाशी पोचली, आणि मग तिने मान सरळ केली आणि शेवटचा घोट तोंडात धरून ठेवला. तिला सगळं आठवत होतं: ती कोण आहे, कुठे बसलीय, कुणाची आहे, परवा काय आहे. समोर इमरानभाई भजी न मोजता उचलत होता, अम्मी अब्बूंच्या भुवईवरचा उरलेला भुगा झटकत होती. पाणी जिभेवर होतं, गोड, वाट बघत असल्यासारखं. आयतने त्याला थोडा वेळ तसंच ठेवलं, कारण आता ते तिच्या हातात होतं. आणि मग तिने ते गिळलं.